मोखाचे दोन प्रवासी

नोव्हेंबर १६१७. सुरतेहून निघालेला एक आगळाच काफिला निजामशाही मुलखातून पूर्वेकडे चालला होता. शंभरावर डच खलाशी, आणि त्यांच्याकडे जहाज नाही. त्याच वर्षीच्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, ‘मिडलबर्ग’ आणि ‘डाइफ’ ही त्यांची दोन जहाजे सुरत आणि दमणच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर फुटली होती. दमण पोर्तुगीजांचे, म्हणजे हाडवैऱ्यांचे. सुरत मुघलांची आणि तिथे वजन इंग्रजांचे. डचांची स्वतःची भक्कम वखार होती ती पार दुसऱ्या टोकाला, आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणात. तिथे पोहोचायचे तर सगळे दख्खन आडवे कापायचे, तेही अशा काळात, जेव्हा मुघल आणि निजामशाही यांच्यातल्या युद्धाची राख अजून निवली नव्हती.

या माणसांचा म्होरक्या होता पीटर फान डेन ब्रुके. वय बत्तीस. या वाटेवर तो एका वृद्ध हबशी सेनापतीच्या छावणीत गेला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि पुढे त्याने जे पाहिले, ऐकले ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. तो सेनापती म्हणजे मलिक अंबर. सात वर्षांपूर्वी, १६१० मध्ये, त्यानेच खडकी वसवली होती. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे.

आपल्या शहराच्या इतिहासावर बोलताना आपण दिल्ली आणि हैदराबाद या दोन दिशांना बघतो. मला मात्र या शहराच्या जन्मात समुद्र दिसतो. इथून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये सह्याद्री आहे. तरीही शहर वसवणारा माणूस समुद्रावरून आला आणि त्याला डोळ्यांनी पाहून त्याचे चित्र लिहून ठेवणारा माणूसही समुद्रावरूनच आला. दोघांच्या वाटेवर एक बंदर सामाईक होते : येमेनच्या किनाऱ्यावरचे मोखा.

पीटरचा जन्म १५८५ चा, अँटवर्पचा. त्याच वर्षी स्पेनच्या फौजांनी अँटवर्प घेतले आणि हजारो कुटुंबे उत्तरेकडे निघून गेली. पीटरचे घराणे त्यांतलेच. डच प्रजासत्ताक तेव्हा नुकते उभे राहत होते आणि त्याच्याकडे जमीन कमी, पाणी जास्त. तरुणांसाठी वाट एकच, जहाज. वयाच्या विशीत पीटर पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. आधी केप व्हर्दे, मग लोआंगो आणि अंगोलाचा किनारा. हस्तिदंताचा व्यापार, उथळ नद्यांच्या मुखाशी नांगर टाकणे, स्थानिक राजांच्या दरबारी हजेरी, पोर्तुगीज जहाजांशी चकमकी. व्यापारी, खलाशी आणि सैनिक ही तेव्हा तीन वेगळी माणसे नसत. जहाजावर तोफा असत आणि माल उतरवणाऱ्याला त्या डागताही याव्या लागत.

१६१३ मध्ये तो डच ईस्ट इंडिया कंपनीत शिरला. गव्हर्नर जनरल होऊन पूर्वेला निघालेल्या गेरार्ड रेन्स्टच्या ताफ्यात तो होता. रेन्स्टने त्याला वाटेतच ‘नासाऊ’ या जहाजावरून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी पाठवले. १६१४ मध्ये तो एडनला पोहोचला. तिथल्या तुर्की अधिकाऱ्यांनी गोड बोलून त्याला वाटेला लावले. अरबस्तानच्याच किनाऱ्यावरच्या शिहरच्या सुलतानाने मात्र थारा दिला. दोन वर्षांनी, १६१६ मध्ये, तो पुन्हा आला आणि मोखाला उतरला. वखारीची परवानगी मिळवण्यासाठी त्याने डोंगर चढून सना गाठले आणि तिथल्या पाशाची भेट घेतली. पाशाने आदरातिथ्य केले, पण कायमच्या वखारीला हो म्हटले नाही. मक्का-मदिनेच्या इतक्या जवळ फिरंग्यांना बसवायचे तर सुलतानाचा हुकूम हवा, हे त्याचे कारण.

इथे मला या माणसाची खरी तालीम दिसते. समुद्रावर जोर वाऱ्याचा आणि तोफेचा. दरबारात जोर कशाचा? थांबण्याचा. कुणाला किती नजराणा, कुणासमोर किती वाकायचे, नकाराला नकार न म्हणता परत कसे यायचे, हे पीटर एडन, शिहर आणि सना या तीन ठिकाणी शिकला. मोखातच त्याने स्थानिक लोक पितात ते काळे, गरम पेयही पाहिले आणि त्याची नोंद केली. डच माणसाने कॉफीविषयी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक. तिथून तो सुरतेला आला, काही माणसे व्यापारासाठी ठेवली, पूर्वेला गेला आणि १६१७ मध्ये नवी जहाजे घेऊन परत निघाला, ती किनाऱ्यावर येऊन फुटली.

आता मलिक अंबरकडे वळू. हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, साधारण १५४८ मध्ये जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. तांबडा समुद्र, बगदाद, आणि मग दख्खन असा त्याचा प्रवास. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी होता. हा मालक वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले, असे पीटर सांगतो. मोखाच्या बाजारात तो विकला गेला होता हेही पीटरनेच नोंदवले आहे. ज्या बंदरात पीटर एक वर्षापूर्वी वखारीच्या परवानगीसाठी उतरला होता, त्याच बंदरात अर्ध्या शतकापूर्वी त्याच्यासमोर बसलेला हा सेनापती साखळीत उभा होता. छावणीत हे ऐकताना पीटरला काय वाटले असेल, ते त्याने लिहिलेले नाही. पण मोखाचे नाव त्याने जपून टिपले, यावरून ते त्याच्या मनात रुतले असावे, असे मला वाटते.

१६०० मध्ये अहमदनगर मुघलांच्या हाती पडले, तेव्हा निजामशाही संपली असे आग्र्यात सगळ्यांना वाटले होते. अंबरने परांड्याला मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवले, मग राजधानी जुन्नरला आणि नंतर दौलताबादच्या छायेत आणली. मराठा सरदार आणि बारगीर हाताशी धरून त्याने मुघलांना जे दमवले, त्याची धग जहांगीरच्या आत्मचरित्रात जागोजाग लागते. जहांगीर अंबरचे नाव शिवी दिल्याशिवाय घेत नाही. अंबरचे मुंडके भाल्यावर टोचलेले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे, असे चित्रही त्याने दरबारी चित्रकार अबुल हसनकडून काढून घेतले. रणात जे जमले नाही ते कागदावर.

खडकीतला भडकल दरवाजा अंबरने १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. आज त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे माणसांचा महापूर लोटतो. त्या गर्दीत उभे राहून वर पाहिले की कमानीचा आवाका ध्यानात येतो. शहराच्या पुढच्या काळातल्या दरवाजांपेक्षा हा वेगळा, जाडजूड आणि चारही अंगांनी मोकळा. तटात बसवायचा दरवाजा म्हणून तो उभारलेलाच नाही. विजय सांगायला बांधलेली ही वास्तू आहे आणि ती सांगण्याचे काम अजून करते आहे.

पण पीटर आला तो काळ विजयाचा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळच्या रोशनगावला शाहनवाजखानाने अंबरचा पराभव केला आणि मुघल फौजांनी खडकी लुटली, जाळली, घरे जमीनदोस्त केली. पुढच्या वर्षी शहाजादा खुर्रम मोठी फौज घेऊन बऱ्हाणपुरात उतरला. आदिलशहा आणि अंबर दोघांनाही तह करावा लागला, बालाघाटचा मुलूख आणि अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या द्याव्या लागल्या. ऑक्टोबर १६१७ मध्ये मांडूला जहांगीरने मुलावर मोती उधळले आणि त्याला ‘शाहजहान’ हा किताब दिला. त्या दरबारात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हजर होता. तोही समुद्राचाच माणूस. १६१० मध्ये जहाजे घेऊन तो ॲमेझॉनच्या मुखाशी गेला होता.

म्हणजे चित्र असे : एकाच हंगामात युरोपातले दोन दर्यावर्दी दख्खनच्या दोन बाजूंना उभे. रोजवळ राजाचे पत्र, मानमरातब, सोबत पाद्री आणि नोकरचाकर. पीटरजवळ फुटलेल्या जहाजातून वाचलेली माणसे आणि थोडे सामान. रोने जहांगीरच्या दरबाराविषयी जे लिहिले त्यावर ग्रंथच्या ग्रंथ झाले. पीटरने अंबरविषयी लिहिलेली मोजकी पाने फार थोड्यांना माहीत आहेत. माझ्या लेखी मराठवाड्यासाठी ती पाने रोच्या सगळ्या दप्तरापेक्षा मोलाची आहेत. रो विजेत्याच्या तंबूतून पाहत होता, पीटर हरलेल्याच्या.

आणि त्याला हरलेल्याच्या तंबूत काय दिसले? उंच, धिप्पाड, कठोर चेहऱ्याचा माणूस. त्या चेहऱ्यासाठी पीटरला रोमन चेहऱ्याची उपमा आठवली. डोळे मात्र पांढुरके, काचेसारखे, आणि ते त्याला शोभत नाहीत, असे तो स्पष्ट लिहितो. काळ्या माणसासाठी त्या काळच्या युरोपीय लेखणीत जो हिणकस शब्द असे तो पीटरच्या लेखणीतही आहे. त्याला काळाचे निमित्त देऊन मी तो पुसू पाहत नाही. पण त्याच लेखणीने लगेच पुढे जे लिहिले, ते बघा : हा माणूस चांगले राज्य चालवतो, लोक त्याच्यावर प्रेम करतात आणि त्याला मानतात. चोर-लुटारूंना तो कडक शासन करतो. त्याच्या मुलखातून सोने घेऊन निर्धास्त जाता येते.

हे वाक्य लिहिणारा माणूस कोण आहे, ते विसरू नका. शंभरावर लोकांना घेऊन, परक्या मुलखातून, नुकत्याच झालेल्या युद्धाच्या वाटेने चाललेला. वाट सुरक्षित आहे की नाही हा त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न होता, दरबारी स्तुतीचा नव्हता. पावणेदोन वर्षांपूर्वी राजधानी जळालेली, नुकताच मानहानीचा तह झालेला, आणि तरी रस्ते शाबूत. अंबरची जमीनमहसुलाची व्यवस्था आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रस्त्यावरच्या प्रवाशाने दिलेली ही साक्ष तिच्या शेजारी ठेवायला हवी.

छावणीच्या शिस्तीविषयी त्याने लिहिलेली गोष्ट अंगावर काटा आणते. दारू पिऊन झिंगलेला सापडला तर त्याच्या घशात वितळलेले शिसे ओतायचा हुकूम होता. छावणीत दारू आणायला आणि विकायला बंदी. डच खलाशांना हे ऐकून काय झाले असेल, याची कल्पना करता येते. अंबर दयाळू होता असे मी म्हणणार नाही. गुलामीतून वर आलेला, दोन पातशाह्यांच्या कचाट्यात वर्षानुवर्षे तग धरून राहिलेला माणूस कठोर होता, आणि पीटरने तो कठोरपणा सजवला नाही, लपवलाही नाही.

छावणीत कानावर आलेली राजघराण्याची कथाही त्याने लिहिली आहे. अंबरची मुलगी निजामशाहाला दिलेली. शहाच्या दुसऱ्या, गोऱ्या इराणी बेगमेने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले. ते अंबरच्या कानी गेले आणि शहा व ती बेगम दोघेही विषाने गेले. मग लहानग्या राजपुत्राला गादीवर बसवले गेले. मुर्तजा निजामशहा १६१० मध्ये गेला हे खरे. विषाची गोष्ट शंभर टक्के मानायची की नाही यावर अभ्यासक बोलतीलच. मला यातून एवढे नक्की दिसते की, मृत्यूनंतर सात वर्षांनीही ही कथा छावणीत उघडपणे सांगितली जात होती, आणि परक्यालाही सांगितली जात होती.

भेटीत पीटरने अंबरला दोन वस्तू नजर केल्या : एक जपानी तलवार आणि एक भारी जावानी क्रिस. १६०९ पासून जपानात हिरादोला डचांची वखार होती. तिथली तलवार आणि जावाच्या कारागिराने घडवलेला नागमोडी खंजीर, दोन्ही समुद्रातून फिरत दख्खनच्या काळ्या मातीत एका हबशी सेनापतीच्या हाती आली. अंबरला पोलादाची पारख होती. निवड अचूक होती. शस्त्र देणे म्हणजे मैत्री देणे, आणि पोर्तुगीजांचा शत्रू म्हणून आपण तुमच्या कामाचे आहोत हे न बोलता सांगणे. निजामशाहीच्या चौल बंदराला लागूनच पोर्तुगीजांचा रेवदंडा होता. जहाज नसलेला दर्यावर्दी मुत्सद्दी होतो तो असा. डच मंडळी त्या मुलखातून सुखरूप पार झाली आणि गोवळकोंड्याच्या वाटेने मच्छलीपट्टणला पोहोचली.

पुढचे आयुष्य भराभर सांगतो, एक प्रसंग सोडून. जानेवारी १६१९ मध्ये जावातल्या जकार्तात डचांचा अपुरा किल्ला इंग्रज आणि स्थानिक राजा यांच्या वेढ्यात सापडला. गव्हर्नर जनरल कून जहाजे जमवायला मोलुक्कासकडे गेला आणि किल्ला पीटरच्या हाती सोपवून गेला. राजाने तह केला, मग पीटरला बोलणीसाठी आपल्या वाड्यावर बोलावले. तो गेला आणि कैद झाला. अंबरच्या छावणीत विश्वास टाकून जो तरला, तोच चौदा महिन्यांनी त्याच मार्गाने फसला. शरणागतीच्या कागदावर त्याला सही करावी लागली. पण जावातल्याच बांतामच्या सत्तेने मध्ये पडून जकार्ताच्या राजाला हटवले, किल्ला पडला नाही. आतल्या लोकांनी १२ मार्च १६१९ ला त्याचे नाव ठेवले ‘बटाव्हिया’. मेच्या अखेरीस कून परतला, त्याने जकार्ता जाळले आणि पीटर सुटला. पुढची सव्वातीनशे वर्षे डचांचे आशियातले साम्राज्य त्या जागेवरून चालले. पाया घातला गेला तेव्हा किल्लेदार शत्रूच्या कोठडीत होता.

१६२० मध्ये तो सुरतेला डच व्यापाराचा प्रमुख म्हणून आला आणि जवळजवळ नऊ वर्षे राहिला. गुजरात, आग्रा, इराण आणि अरबस्तान त्याच्या अखत्यारीत. नीळ, कापड, मसाले, आणि अर्थातच मुघल अधिकाऱ्यांशी रोजची घासाघीस. शाहजहानने बापाविरुद्ध बंड केले, पुढे तो दख्खनला पळून आला आणि ज्या अंबरला त्याने नमवले होते त्याच अंबरबरोबर बऱ्हाणपूरला वेढा घालू लागला. त्या साऱ्या उलथापालथीत सुरतेची वखार चालू ठेवणे हे पीटरचे काम. मे १६२६ मध्ये अंबर वारला तेव्हा पीटर सुरतेत होता. त्याच्या हाताखाली आग्र्याला असलेला फ्रान्सिस्को पेलसार्ट आणि तो, या दोघांनी मिळून मुघल राज्याचा एक इतिहास डचमध्ये तयार केला. १६३१ मध्ये योहानेस डी लाएटच्या लॅटिन ग्रंथातून तो युरोपभर गेला.

१६३० च्या सुमारास तो मालाने भरलेला ताफा घेऊन मायदेशी परतला. कंपनीने त्याला सोन्याची साखळी दिली. हार्लेमच्या फ्रान्स हाल्सने त्याचे चित्र काढले. हाल्सही मूळ अँटवर्पचाच. ते चित्र आज लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. विस्कटलेले केस, लालसर गाल, ओठांवर हसू, छातीवर ती साखळी आणि हातात काठी. दर्याने भाजून काढलेल्या त्या चेहऱ्यावर दरबारी मुत्सद्द्याचा आव शोधून सापडत नाही. १६३४ मध्ये हार्लेमला त्याची रोजनिशी छापून निघाली, तिच्यातही हाल्सच्या चित्रावरून केलेले कोरीवचित्र होते. पुढे तो पुन्हा पूर्वेला आला. पोर्तुगीजांच्या मलाक्काला डचांनी वेढा घातला, त्या वेढ्यातच डिसेंबर १६४० मध्ये तो मरण पावला. जानेवारी १६४१ मध्ये मलाक्का पडले.

अंबर खुलताबादला आपल्याच हयातीत बांधलेल्या घुमटाखाली निजला आहे. त्याच्या मृत्यूवर मुघल दरबारातल्या मुतामदखानानेही शत्रूचे गुण मोकळेपणे मान्य केले. पण ते मेल्यानंतरचे. अंबर जिवंत असताना, पराभवाच्या छायेत असताना, त्याच्यासमोर उभा राहून त्याच्या राज्याला चांगले म्हणणारा माणूस पीटर फान डेन ब्रुके.

त्याची १६३४ ची रोजनिशी डचमध्ये आहे. अंबरवरची पाने इंग्रजी अभ्यासकांच्या हातून, तुकड्यातुकड्यांनी आपल्यापर्यंत येतात. ती मूळ डचवरून थेट मराठीत यायला हवीत, टिपांसह, नकाशासह, सुरत ते मच्छलीपट्टण ही वाट गावागावाने ओळखून. त्या वाटेवरची गावे आपली आहेत, त्यांची जुनी नावे इथल्या माणसाइतकी कुणालाच ओळखता येणार नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने डच शिकायचे मनावर घेतले, तर पहिले काम हे घ्यावे.